शेवटची गाडी येईपर्यंत

१

आमच्या मोटरसायकल रॅलीत रस्ता विचारायचा नसतो. फाट्यावर हात दिसला की वळायचं.

पद्धत सोपी आहे. सगळ्यांत पुढे लीड असतो. रस्ता फक्त त्याला पाठ. फाटा आला की तो डाव्या हाताने कडेची जागा दाखवतो आणि त्याच्या मागची गाडी तिथे थांबते. लीड ज्या बाजूला गेला त्या बाजूला हात आडवा धरून तो माणूस उभा राहतो. त्याला मार्कर म्हणतात. मागून येणारे त्याचा हात बघून वळतात. ऊन असो, तहान लागो, मार्करने जागा सोडायची नाही. शेवटची गाडी आली, तिच्यावरच्या माणसाने मान हलवली, की तो मोकळा. मग तो त्या गाडीच्या पुढे निघतो, आणि शेवटची गाडी शेवटचीच राहते.

ती शेवटची गाडी माझी. तिला टेल म्हणतात.

हे काम मला आवडतं. पुढे राहून बोलणं, लोकांना हसवणं मला जमत नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी टायरच्या दुकानात आहे, आणि गिऱ्हाइकाशीसुद्धा टायरकडे बघूनच बोलतो. टेलला बोलावं लागत नाही. कोणाची साखळी उतरली तर थांबायचं, कोणी पडलं तर उचलायचं, आणि सगळ्यांची धूळ खायची. घरी गेलो की माझी धाकटी बहीण लावण्या नुसतं माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची आज आम्ही कुठे गेलो होतो. नदीकाठची धूळ पांढरट, ओरत्तनाडूकडची तांबडी.

या वर्षीच्या रॅलीचा रस्ता ठरवायचं काम गिरीश अण्णांनी मला दिलं. अण्णा आमचे लीड, क्लब त्यांनीच काढलेला. बाहेरगावचे क्लब येणार होते, आमच्यातही नवी मुलं होती, आणि त्यांत लावण्या होती. तिची पहिली रॅली. ती माझ्या नजरेसमोर राहील या बोलीवर अम्माने तिला परवानगी दिली होती. मी लगेच कबूल केलं. टेलच्या नजरेसमोर सगळेच असतात.

रस्ते तीन होते. पापनाशमवरून कावेरीच्या काठाने जाणारा सपाट होता, पण त्यावर बस आणि बाजार फार. कोळ्ळिडमच्या पात्रातला वाळूचा होता, त्यात जड गाड्या रुतल्या असत्या. तिसरा ओरत्तनाडूच्या पुढे कालव्याच्या बांधावरून. कापणी झालेली, पाणी बंद झालेलं, कालवे कोरडे. बांधावर तांबडी वाट, दोन्हीकडे नारळीच्या बागा आणि मधूनमधून जुन्या वादळात शेंडे मोडलेली खोडं. असा रस्ता तंजावूरच्या आसपास दुसरा नाही. तोच घ्यायचा असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

२

पाहणीला आम्ही चौघं गेलो. पुढे अण्णा, मग कार्तिक, मग हरिता, शेवटी मी. नव्या रस्त्यावर पद्धतीत चूक राहू नये म्हणून आम्ही रॅलीसारखंच चाललो होतो. प्रत्येक फाट्यावर अण्णा हात दाखवायचे, कधी कार्तिक थांबायचा, कधी हरिता. मी यायचो, मान हलवायचो, ते पुढे निघायचे.

ओरत्तनाडू मागे पडल्यावर कालव्याला एक जुनं शटर आहे, पाणी सोडायचं. लोखंड गंजलेलं, चाक कोणीतरी काढून नेलेलं. तिथे बांधाची वाट दोन बाजूंना फुटते. मी पोचलो तेव्हा फाट्यावर मार्कर उभा होता. गाडी कडेला, हेल्मेटची काच खाली, हात खांद्यातून सरळ आडवा. मला तो हात फार आवडला. आमचा कार्तिक हात धरतो तो दमलेल्या माणसासारखा, कोपरात वाकवून. हा हात अगदी पाटीसारखा होता. मला वाटलं, अण्णांनी त्याला झापलं असणार.

मी मान हलवली. त्याने हात खाली घेतला, गाडी चालू केली आणि माझ्या पुढे निघाला.

काही वेळ मी त्याच्या मागून जात राहिलो. काहीतरी बरं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. मी तोंडावरचा रुमाल खाली केला होता आणि दातांत कचकच नव्हती. तांबड्या बांधावर माझ्यासमोर एक गाडी चालली होती, तिचा आवाज येत होता, आणि तिच्या मागे धूळ उठत नव्हती.

वारा उलटा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नारळीची पानं हलत नव्हती हेही मी बघितलं, पण सांगितलं.

वळणामागे तो दिसेनासा झाला. पुढच्या फाट्यावर कार्तिक उभा होता, कोपरात हात वाकवून. मी मान हलवायला विसरलो. त्याने विचारलं, काय झालं, झोपलास काय. मी विचारलं की आता त्याच्यासमोरून कोण गेलं. तो म्हणाला, हरिता, मग तू. मधे कोणी नाही.

चहाच्या टपरीवर मी शटरच्या फाट्याचं काढलं. अण्णांनी बशीत चहा ओतत सांगितलं की शटरपाशी त्यांनी कोणालाच ठेवलं नव्हतं. दुसरी वाट इतकी बुजलेली आहे की तिकडे कोणी चुकून जाणार नाही. मग ते हसून म्हणाले, "शेतकरी असेल रे. हात करून गाडीवर बसव म्हणत असेल, आणि तूं मान हलवून पुढें आलास."

हरिता म्हणाली की शेतकरी हेल्मेट घालत नाही. अण्णांनी तिला सांगितलं की दंड वाढल्यापासून म्हशीपण घालतात. सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर लावण्याने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, आज पाहणीला गेलाच नाहीस कां.

३

त्यानंतर मी एकटाच दोनदा तिकडे जाऊन आलो. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा. शटरपाशी कोणी नव्हतं. जाणारे वाटसरू असतात, मुलं रील काढायला येतात, एखादा मुलगा आमची नक्कल करत उभा असेल. मला हे पटवून घ्यायचं होतं आणि मी पटवून घेतलं. दुसऱ्या खेपेला मी ती बुजलेली वाटही शेवटपर्यंत पाहिली. आत गेल्यावर ती कालव्यावरच्या एका लहान पुलाशी संपते, आणि पूल मधोमध कोसळलेला आहे. खाली दगड आणि सळ्या. ही वाट नाही, असं ठरवून मी परत फिरलो.

रविवारी अण्णांच्या घरी बैठक होती. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. पुढची खोली लांबट, तिला एकच खिडकी आणि तीही गल्लीकडे. खाटेवर नकाशा पसरलेला होता. नुकतीच वीज गेली होती, पंखा थांबला होता, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी. सायकलची घंटा. आणि एक गाडी चालू ठेवून उभी असल्याचा आवाज.

मी कालव्याचा रस्ता बोटाने दाखवत होतो. पहिल्यांदाच मी इतका वेळ बोलत होतो आणि सगळे ऐकत होते. तो आवाज तसाच होता. जवळ नाही, लांब नाही. हरिता दोनदा खिडकीशी जाऊन आली. पेट्रोल फुकट आलंय वाटतं कोणाला, असं कार्तिक पुटपुटला.

तेवढ्यात अण्णांच्या बायको, गायत्री वैनी, बाजारातून आल्या. पिशवी खाली ठेवून त्या अण्णांना म्हणाल्या, "तुमचा एक मुलगा गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. त्याला आंत बोलवा की. घोटभर कापी घेतोस कां म्हणून विचारलें, मानसुद्धा वळवली नाहीं."

अण्णांनी विचारलं, कोण मुलगा.

"मला काय माहीत. डोक्यावर ते तुमचें भांडें आहे. हात असा धरून उभा आहे." वैनींनी हात खांद्यातून सरळ आडवा धरून दाखवला. "केव्हांपासून धरलाय कोण जाणे. दुखेल की."

मी विचारलं की तो कुठे दाखवत होता. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"येथेंच," वैनी म्हणाल्या. "आपल्या दाराकडे."

अण्णा आणि कार्तिक बाहेर गेले. मी खोलीतच राहिलो. नकाशाचं एक टोक मी बोटाने दाबून धरलं होतं आणि ते सोडावंसं वाटेना. आवाज थांबला. ते दोघं परत आले. कोणी नव्हतं. अण्णा म्हणाले, दुसऱ्या क्लबवाल्यांचं काम, आपण कुठला रस्ता घेतो ते हुंगत असतील. मग वीज आली, पंखा फिरला, नकाशा उडाला आणि सगळ्यांनी तो पकडला. कालव्याचा रस्ता नक्की झाला. सगळे माझ्या पाठीवर थोपटून गेले.

४

रॅलीच्या आधीच्या शुक्रवारी मी लावण्याला त्या रस्त्यावर सरावाला नेलं. कार्तिक पुढे, मधे ती, मागे मी. निघताना मी तिला पुन्हा एकदा समजावलं होतं. हात दिसला की वळायचं. थांबून विचार करायचा नाही, तू थांबलीस तर मागचा तुझ्यावर येऊन आदळतो.

शटरच्या जरा अलीकडे माझ्या गाडीची क्लच केबल अडकली. मी थांबलो, सारखी केली, पुन्हा निघालो. फारसा वेळ गेला नाही. शटरपाशी आलो तेव्हा फाट्यावर कोणी नव्हतं. पण तांबड्या मातीत टायरच्या दोन वाटा होत्या. कार्तिकची सरळ गेली होती. लावण्याची वळली होती, बुजलेल्या वाटेकडे.

मी तिच्या मागे गेलो. काटेरी फांद्या हातांवर ओरबाडत होत्या. हाका मारून उपयोग नव्हता, हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही. पुलाशी पोचलो. ती गाडीवर बसलेली होती, पुढचा ब्रेक दाबून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. पुढचं चाक कोसळलेल्या कडेवर होतं आणि त्याखालची माती हळूहळू सुटून दगडांवर पडत होती. तिचा आवाज येत होता, साखर सांडल्यासारखा.

मी मागून गाडीचा कॅरियर धरला आणि ओढली. ती उतरली. मला रागवायचं होतं. तिनेच आधी सांगितलं.

"हात पाहिलें आणि वळलें, दादा. तूंच सांगितलास की, विचार करूं नको म्हणून."

कोणाचा हात, मी विचारलं.

"मार्करचा. मला वाटलें कार्तिकच. पण हात छान सरळ धरला होता."

आम्ही खाली बसलो. ती पाणी प्यायली, बाटली तिने मला दिली. मी त्या वाटेकडे बघत होतो. ही वाट कोणी वापरत नाही. बुजलेल्या गवतात चाकाची एकच जुनी रेघ होती, आत गेलेली आणि परत फिरलेली. ती माझी होती. आधीच्या आठवड्यात मी इथे आलो होतो. त्या रविवारी अण्णांच्या दारातून आत गेलो होतो तोही मीच.

तो चुकीचा रस्ता दाखवत नव्हता. मी जिकडे गेलो तिकडे दाखवत होता. मार्कर लीड गेलेली बाजू दाखवतो. मी मान हलवून त्याला जागेवरून उठवलं होतं, आणि उठल्यावर तो माझ्या मागे लागला होता.

५

रात्रभर मी हे उलटसुलट करून पाहिलं. रॅलीचा रस्ता बदलून भागणार नव्हतं. मी जिथे असेन तिथे, माझ्या आसपासच्या कुठल्याही फाट्यावर तो उभा राहिला असता, आणि आमची सगळी नवी मुलं त्या हातावर डोळे मिटून वळली असती. त्यांना तसंच शिकवलं होतं. अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की दुकानात काही कटकट आहे का, झोप लागते का. त्यात चिडवणं नव्हतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

मग मी पद्धतीचाच विचार केला. टेल मार्करला उठवतो. बसवतो कोण? लीड. लीडने जागा दाखवली की मागच्याने तिथे थांबायचं, आणि शेवटची गाडी येईपर्यंत हलायचं नाही.

मी कधी लीड झालो नव्हतो. शनिवारी सकाळी अम्माला दुकानात जातो म्हणून सांगितलं आणि एकटाच निघालो. गावातल्या गर्दीत आरशात काही दिसलं नाही. ओरत्तनाडूनंतर रस्त्यावर भात वाळत घातलं होतं, बायका पायांनी ते फिरवत होत्या. मी कडेने गेलो. त्यांतली एक मान वर करून माझ्याकडे बघत होती. मग तिने मान तशीच ठेवून माझ्या मागच्या बाजूला बघितलं, आणि पाय फिरवायची थांबली.

आरशात एक दिवा होता.

मी वेग वाढवला नाही. लीडने वेग एकसारखा ठेवायचा असतो, म्हणजे मागच्याला त्रास होत नाही. बांध लागला. माझ्या मागे धूळ उठत होती आणि तो दिवा धुळीतून न विझता येत होता. मला पळावंसं वाटत होतं, खरंच फार वाटत होतं. पण पळून गेलो असतो तर तो मागून आलाच असता. मी फक्त मोठ्याने म्हणत राहिलो, शटरपर्यंत, शटरपर्यंत.

शटर आलं. मी गाडी हळू केली. तोही हळू झाला आणि माझ्या डाव्या अंगाला आला, हात लांबवला असता तर लागला असता इतका जवळ. मी डाव्या हाताने कडेची जागा दाखवली. आणि तेव्हा, बघायचं नाही असं ठरवलेलं असताना, मी बघितलं.

काच बाहेरून स्वच्छ होती. धूळ आत होती. तांबडी, काठोकाठ, हनुवटीपासून कपाळापर्यंत. गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा ती आतल्या आत किंचित सरली, आणि पुन्हा सपाट झाली.

तो कडेला थांबला. मी गाडी वळवून घराकडचा रस्ता धरला. आरशात मी त्याला लहान होत जाताना पाहिलं. त्याने स्टँड लावला. उतरला. हात खांद्यातून वर आला आणि मी जात होतो त्या बाजूला आडवा झाला.

तोंडावर रुमाल नव्हता. ओरत्तनाडूपर्यंत मी रडत होतो आणि ते घामात कोणाला कळलं नसतं.

६

रविवारी सकाळी मैदानात गाड्या लागल्या. मी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की रस्ता पापनाशमचा. बस आणि बाजार चालतील. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, बांध कच्चा आहे, लावण्या पडता पडता वाचली. ते खरंच होतं. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण रस्ता माझ्यावर सोपवलेला होता. त्यांनी मानलं.

पट्टुकोट्टैचे पाहुणे उशिरा आले. त्यांचा पुढारी, बाळकृष्णराव नावाचा मिशीवाला गृहस्थ, उतरल्या उतरल्या अण्णांचे हात हातांत घेऊन स्तुती करू लागला. म्हणाला, व्यवस्था असावी तर अशी. आम्ही मुद्दाम कालव्याच्या बाजूने आलो, तिथे शटरपाशी तुमचा मार्कर उभा. त्याचा हात बघितला आणि सरळ इथे पोचलो.

मग तो जरा थांबून म्हणाला, "पण अण्णा, त्याला आता उठवा. ऊन चढलंय. आम्ही सांगितलं चल आमच्याबरोबर, तर हलायला तयार नाही. शेवटची गाडी आल्याशिवाय कसा हलेल म्हणा."

अण्णांनी कार्तिककडे बघितलं, कार्तिकने हरिताकडे. आमची माणसं सगळी तिथेच होती. मग अण्णा माझ्याकडे वळले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, तिकडे खरंच कोणी आहे का. आणि असेल, कोणीही असेल, तर टेलने जाऊन त्याला आणायला नको का.

सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी माणसं माझ्याकडे बघत आहेत हे एरवी मला सहन झालं नसतं.

"मी जाणार नाहीं," मी म्हटलं. "आणि माझ्याशिवाय टेल कोणी होणार नाहीं. यंदा नाहीं, पुढेंही नाहीं."

बाळकृष्णरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणसाला उन्हात टाकणारा टेल त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा. ते आपल्या मुलांकडे गेले आणि तिथे काहीतरी सांगू लागले. त्यांतली दोघंतिघं वळून माझ्याकडे बघू लागली. मी बघू दिलं.

लावण्याने हेल्मेट घातलं, गाडी चालू केली आणि रांगेत माझ्या पुढच्या जागेवर आणून लावली.

अण्णांनी हात वर केला. एकेक करून सगळे निघाले. ओरत्तनाडूचा रस्ता जिथे वेगळा होतो तिथे मी तिकडे बघितलं नाही. चुकूनही हलू नये म्हणून मान ताठ धरली होती. वाटेतल्या मार्करना हाताच्या खुणेने मोकळं केलं, आणि दिवसभर मान तशीच धरून ठेवली.